घर बंद आढळले

टक टक टक. पत्र्याच्या दारावर लोखंडाचं कायतरी वाजलं आणि माझा हात भाकरीवरच थांबला. रविवार हुता, सकाळचे अकरा वाजले असतील. तिघीबी घरात. अव्वा, म्हंजे आमची आई, गॅससमोर. मी आणि धाकटी बहीण वर्षाराणी भिंतीला टेकून जेवत. परत टक टक टक. अव्वानं गॅस बंद केला. मी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. वर्षाराणीनं तोंडातला घास गिळलाबी न्हाय, तवर चटई गुंडाळून काखंत. कुणी कुणाला एक शब्द बोललं न्हाय, बोलायची गरजच नव्हती. अंथरूण सकाळीच बांधलेलं असतंय, ताटं तीनच, तवा पिशवीत, पाण्याची बाटली वर्षाराणीच्या गळ्यात. मी मनात आकडं मोजत हुतो, सवयीनं. शंभराच्या आत गाठोडं दाराजवळ उभं, फरशी पुसलेली, आणि आम्ही तिघी गाठोड्याभवती, एसटी फलाटाला लागायची वाट बघत असल्यागत. भाईर कोनतरी खाकरलं. खिडकीच्या काचंवर सावली पडली तशा आम्ही भिंतीला चिकटलो. मग दाराखालनं एक कागद सरकत आत आला, फटफटीला किक बसली, आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि संपला. वर्षाराणीनं घास गिळला आणि विचारलं, "आता कुठं जायचं?"

कुठं जायचं. ती आठ वर्साची, तिला वाटलं उठायची वेळ झाली. खरं सांगायचं तर मलाबी तेच वाटलंतं. कळंब्यातली ही खोली आमची हाय, साडेतीन महिने झालं आमची हाय, हे मला कागद बघितल्यावर आठवलं. छापील चिठ्ठी. मधल्या रिकाम्या जागंत निळ्या पेनानं लिहिलेलं: घर बंद आढळले. वापर दिसत नाही. भेट क्रमांक दोन. खाली सही, आकाराम आणि पुढं नुसता फराटा. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचाय मला चांगलं येतं. कधीकधी वाटतं येत नसतं तर बरं झालं असतं. आढळले! पेपरात प्रेत आढळतंय, साप आढळतोय, बेवारस पिशवी आढळती. आमचं घर आढळलं, तेबी बंद, आणि आत आम्ही तिघी जित्या. असा राग आला की कागद फाडणारच हुतो, पण 'क्रमांक दोन' वर डोळं गेलं आणि हात थांबला. पहिली चिठ्ठी मागच्या महिन्यात आलती. तवा अव्वानं ती चुलीत घालायचा कागद म्हणून घडी करून ठेवली, चूल नसताना. तिसरी आली की खोली जाणार. तसं करारात लिहिलंय. आम्हाला खोली मिळवून देणारी संस्था अकरा महिने खोलीच्या भाड्याचं बघणार, हळूहळू आमच्यावर सोडणार, अकरा महिन्यांनी करार अव्वाच्या नावावर. पण राहिलं पाहिजे. खोली घेऊन जी माणसं राहत न्हाईत, त्यांची खोली बेघरांच्या निवाऱ्यात थांबलेल्या दुसऱ्या माणसांना. तीन भेटी, तीन वेळा बंद, विषय संपला. अव्वानं त्याच्यावर अंगठा उठवला तवा मी शेजारी हुतो. मला हसू आलंतं. म्हटलं, चार वर्सं घर न्हाय म्हणून रडतोय, घर मिळाल्यावर न राहणारी कोन येडी माणसं असत्यात?

तर ती येडी माणसं आम्हीच.

ह्याचं मूळ त्या शटरात हाय. स्टँडाच्या मागच्या रस्त्याला एक भांड्याचं दुकान हुतं, त्याच्या पायरीवर आम्ही दोन वर्सं झोपलो. मालक वाईट नव्हता. कधी शिवी दिली न्हाय, लाथ न्हाय, पाणी मारलं न्हाय. सकाळी साडेआठला यायचा आणि हातातलं कुलूप शटरवर वाजवायचा, टक टक टक. तोंडानं कायबी न्हाय. आणि मग पाठमोरा उभा राहून बिडी ओढायचा, बिडी संपेतवर आम्ही आवरायचं. मी पहिल्यांदा मोजलं तवा तीनशे चाळीस झालतं. मग अव्वानं शिस्त लावली. कोन काय उचलणार, कोन पुसणार. दोनशे. दीडशे. शेवटाला शंभराच्या आत. पायरी अशी पुसायची की रात्री तिथं कुत्रंबी झोपलं नसंल असं वाटावं. अव्वा मागं वळून एकदा बघायची आणि म्हणायची, "आपली खूण ऱ्हायली न्हाय पायजे. खूण ऱ्हायली की उद्या जागा गेली." आणि ते खरं हुतं. त्याच रांगंत दुसऱ्या पायरीवर एक बाई हुती, तिनं कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, एक डबा ठेवला. आठ दिवसांत तिला उठवलं. आम्ही दोन वर्सं टिकलो. मालकानं एकदा दिवाळीला वर्षाराणीला चमचा दिला स्टीलचा आणि अव्वाला म्हटला, "मावशी, तुम्ही हाय का न्हाय कळत न्हाय बघा." अव्वाला त्याचा केवढा अभिमान. पुढं निवाऱ्यात ऱ्हायला गेलो तवाबी सगळ्या बायकांना सांगायची, आमचा मालक असं म्हटला.

हितं खोलीतबी तेच चाललंय. साडेतीन महिने झालं, रोज सकाळी उठलं की अंथरूण बांधायचं, ताटं पिशवीत, बारका गॅस दारामागं, ओली कापडं भाईर दोरीवर न टाकता बादलीवर. माझा ब्रश माझ्या खिशात असतोय. भिंतीला खिळा न्हाय. गाठोड्यात मधोमध, अव्वाच्या जुन्या झंपरात गुंडाळून, बुद्धाचा फोटो हाय, बानं लग्नात आणलेला. त्योबी गाठोड्यातच. मी पैल्या आठवड्यात म्हटलंतं लावूया, तर म्हटली, "दुसऱ्याच्या भिंतीला भोक?" दाराला आतनं कडी हाय पण ती कधी लावली न्हाय, रात्री नुसती वीट लावायची. मागं कळंबा जेलची भिंत दिसती. मी म्हणतो, तिथल्या माणसांना दार उघडं मिळंना आणि आम्हाला बंद करायला येईना. समोरच्या खोलीतली बयाबाई, सत्तरीची म्हातारी, दिवसभर कट्ट्यावर बसून लसूण सोलत असती, ती एकदा मला म्हटली, "पोरी, तुमी हाय का न्हाय कळतच न्हाय गं. मांजरं तरी वाजत्यात." मी अव्वाला येऊन सांगितलं. अव्वा खूश झाली.

सोमवारी डंकावर जायच्या आधी संस्थेत गेलो. मी चटणीच्या डंकावर कामाला हाय, मिरच्या कुटायची मशीन असती त्याला डंक म्हणत्यात. सकाळपासनं लोखंडी मुसळं धाड धाड पडत असत्यात आणि आम्ही बायका मिरचीची देठं मोडत बसायचं. हाताला कायम तिखट. डोळं पुसायचं न्हाय, नाक पुसायचं न्हाय, खाज आली तर खांद्यानं. चार महिन्यांत मी खांद्यानं सगळं करायला शिकलोय. प्रीतीताई संस्थेची, आमची खोली तिनंच शोधली. पायाला भिंगरी लावून शोधली म्हणा. तीन ठिकाणी खोली बघायला गेलो तवा पहिलं आडनाव विचारलं आणि आडनाव सांगितल्यावर खोली नेमकी आदल्या दिवशीच गेलेली असायची. चौथा हंबीरराव भेटला, त्यो म्हटला, "आडनावाशी लग्न लावायचंय काय मला? माणसं निटस असली म्हंजे झालं." ताई त्या दिवशी स्कूटीवर बसून एकटीच हसत हुती. पण ती पुण्याची. मी दारातनं म्हटलं, "ताई, आलो मी." तर फायलीतनं मान वर न करता म्हटली, "स्नेहल, मुलगी ना तू? आले म्हण."

"आमच्याकडं पोरीबी आलोच म्हणत्यात. तुमच्याकडं येत्यात का नुसत्या म्हणत्यात?"

मग हसली. मी चिठ्ठी टेबलावर आपटली. "आम्ही आत हुतो."

"मग दार का नाही उघडलंस?"

आता ह्याला काय सांगायचं? म्हटलं, "तुमचा माणूस हाक का मारत न्हाय? तोंड गहाण ठेवलंय?"

"आकाराम लाजतो गं. बायकांच्या दारात उभं राहून हाका मारायला त्याला कसंतरी होतं. किल्ली वाजवतो. कुणीही दार असंच वाजवतं ना?"

"भाईरनं कुलूप न्हाय, दिसत न्हाय त्याला?"

"कुलूप नाही आणि आत सामान नाही, म्हणजे सोडून गेले, असंच धरतात." तिनं चष्मा काढला, डोळं चोळलं. तिच्या हाताला तिखट नसतंय. "त्यानं खिडकीतून बघितलं, स्नेहल. खोटं नाही लिहिलेलं. एक दोरी नाही, भांडं नाही, खिळा नाही. मी स्वतः मागच्या महिन्यात डोकावले तेव्हा मला वाटलं तुम्ही गडहिंग्लजला परत गेलात."

"परत जायला तिथं काय हाय?"

"मला माहितीये. कागदाला माहीत नाही." पंखा फिरत हुता आणि तिच्या टेबलावरच्या चिठ्ठ्या एका बाजूनं उडायला बघत हुत्या, प्रत्येकीवर कायतरी वजन, स्टेपलर, पाण्याचा गिलास, मोबाईल. ती म्हटली, "निवाऱ्यात पेठ वडगावचं कुटुंब आहे, तीन पोरं, धाकटं दीड वर्षाचं. ते रोज विचारतात, ताई आमचा नंबर कधी? तिसरी भेट याच आठवड्यात आहे आणि ती माझ्या हातात नाही. मी फोन करून सांगितलं की आज येणार आहे, तर ती भेटच नाही. दार वाजलं की उघडायचं, स्नेहल. एवढंच आहे. खूप अवघड आहे का?"

अवघड हाय, असं मी म्हटलं न्हाय. भांडलो. काय काय बोललो ते आता आठवत न्हाय, पण दारात चपला घालताना ताईनं एवढं म्हटलं की वर्षाराणीचं शाळेत नाव ह्याच पत्त्यावर घातलंय, ते लक्षात ठेव. ते मी डंकापतोर लक्षात ठेवलं, मुसळांच्या आवाजात लक्षात ठेवलं. माझी शाळा सुटली तवा कुणी माझं नाव काढलंबी न्हाय. हजेरीत किती दिवस माझं नाव घेत असतील आणि कोनतरी पोरगी म्हणत असंल, न्हाय आली, न्हाय आली, आणि एक दिवस बाईंनी घ्यायचंच सोडलं असंल. मिरचीचं देठ मोडताना एक बारीक आवाज येतोय, टिक. दिवसाला किती टिक हुत्यात कुणास ठाऊक. मी दमलोय. सोळावं चालू हाय आणि मी दमलोय, ते कामानं न्हाय. काम केल्यावर झोप लागती. हे दुसरं काय हाय, उठायला तयार राहायचं दमणं. झोपंतबी एक कान शटरावर. तुम्ही कधी एक पाय जमिनीवर न टेकता उभं राहिलाय, तासभर? तसं. आणि कुणी सांगितलं, टेक आता पाय, तर पाय विसरलेला असतोय.

ताईच्या त्या फॉर्मावर एक ओळ असती, राहणार म्हणून. नाव, वय, राहणार. चार वर्सांत अव्वानं असलं किती फॉर्म भरलं, रेशनचं, दवाखान्याचं, निवाऱ्याचं. लिहिणारा खाली बघत विचारणार, "नाव?" सोनूबाई. "राहणार?" आणि अव्वाला वाटायचं त्यो विचारतोय, तुम्ही राहणार काय? ती हात जोडून म्हणायची, "तुम्ही म्हणशीला तवर." माणसं हसायची. मी पायानं तिला ढोसायचो, गावाचं नाव सांग. गावाचं नाव सांगितलं की माणूस विचारायचा, मग हितं कशाला आलाय? मला तवा अव्वाची लाज वाटायची. आता डंकावर बसून वाटलं, प्रश्न तिलाच बरोबर कळला हुता.

संध्याकाळी येताना दोन खिळं आणि सुतळी आणली. अव्वा मेसमधनं भाकऱ्या करून आलती, पाय लांब करून बसलीती. तिला सगळं सांगितलं. ती म्हटली, "बरं." मी म्हटलं, "बरं न्हाय. शिकायचं. मी भाईर जातो, दार वाजवतो, तू आतनं म्हणायचं, कोन हाय?" वर्षाराणीला लई मजा वाटली. मी भाईर गेलो, दार ओढून घेतलं आणि किल्ली नव्हती म्हणून खिळ्यानं पत्रा वाजवला. टक टक टक. आत सळसळ. तोंडाचा आवाज न्हाय. दार ढकललं तर अव्वा चटई गुंडाळत हुती. "अव्वा, मीच हाय की! तुला म्हाईत हाय मी हाय!" "व्हय गं, हातच जातोय," असं म्हणून तिनं चटई परत हातरली. दुसऱ्यांदा. टक टक टक. आत वर्षाराणी खुसखुसली आणि ओरडली, "घर बंद हाय!" समोर बयाबाई खोकत हसली. "काय नाटक बसीवताय गं?" तिसऱ्यांदा वाजवलं, चौथ्यांदा. चौथ्यांदा दार उघडलं तर अव्वानं गाठोड्यावर हात ठेवलेला आणि डोळं खाली, पायरीवर मालक आल्यावर करायची तसं तोंड. ते तोंड बघून माझं टाळकं सटकलं. मी गाठोड्याची गाठ सोडली आणि सगळं फेकलं, चादरी, कापडं, ताटं, वर्षाराणीची शाळंची वही, सगळ्या खोलीभर. तवा घरंगळत गेला आणि भिंतीला आपटला. "हे बघ! हे घर! असं असतंय घर! खूण पडू दे, पडू दे खूण!" मला ओरडताना माझाच आवाज नको झालता. वर्षाराणी कोपऱ्यात गेली. अव्वा वाकली आणि चादर उचलून तिची टोकं जुळवायला लागली, पहिलं एक टोक, मग दुसरं, हनुवटीखाली धरून, नेहमीसारखी सुबक. झंपरातला फोटो तिनं काच फुटली काय बघितला आणि मांडीवर घेऊन बसली.

मग म्हटली, "तुला आठवतंय काय, गणपतीचं दार?"

गणपती म्हंजे माझा चुलता. बा गेल्यावर आम्ही अव्वाच्या माहेराला गेलतो, पंधरा दिवस. परत आलो तर घराचं दार आतनं बंद. मी बारा वर्साची, वर्षाराणी माझ्या कडंवर. आठवतंय. दारात चपला हुत्या, चार जोड, मी बघितल्या. चुलत्याच्या, चुलतीच्या आणि दोन पोरांच्या. अव्वानं कडी वाजवली. एकदा न्हाय, दिवस मावळंतोवर. मला वाटायचं तिला हे बोलायला आवडत न्हाय म्हणून मी कधी काढलं न्हाय.

"आत फोडणी चाललीती," अव्वा म्हटली. "लसणाचा वास येत हुता. मी कडी वाजवली तशी पळी थांबली. पळी थांबल्याली ऐकू आली मला. आत माणसं हुती गं. गप. कुणी एका तोंडानं कोन हाय म्हटलं न्हाय. कोन हाय म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं की, मी हाय." तिनं फोटोची काच पदरानं पुसली. "म्हणून ते माझ्या तोंडातनं निघंना झालंय. कोन हाय म्हणायला घर आपलं लागतंय."

मी म्हटलं, "काल तूबी गॅस बंद केलास."

हे बोलायला नको हुतं. पण मी असाच हाय, तोंडाला आलं की भाईर. अव्वानं माझ्याकडं बघितलं, लई वेळ बघितलं, जसं काय मी कुणाचातरी निरोप घेऊन आलोय आणि त्यो तिला आधीच म्हाईत हाय. मग उठली, तवा उचलला, त्याचा काठ कुठं वाकला काय बघितलं आणि पिशवीत घातला. सगळं परत बांधून झालं. खिळं मी खिडकीत ठेवलं, तिथंच राहिलं. रात्रीचं जेवताना मला वाटलं, गेली खोली. वर्षाराणीची शाळा गेली. परत निवारा, परत ते खाटांचे नंबर, परत प्रीतीताई दुसरीकडं आडनाव सांगणार. आणि ह्या खोलीत पेठ वडगावची तीन पोरं लोळतील, भिंतीवर पेन्सिलनं रेघा मारतील, दोऱ्या बांधतील. त्यांचा राग करायचा प्रयत्न केला, येईना.

मंगळवारी मी डंकावर गेलो न्हाय. दिवसभर दारात बसून राहिलो, फटफटीचा आवाज आला की उठायचो. कोन आलं न्हाय. बुधवारी मालकीण म्हटली, अजून एक दिवस खाडा केलास तर दुसरी पोरगी बघतो, म्हणून गेलो. किती दिवस दारात बसणार? आज बसलो, आठवडाभर बसलो, अकरा महिनं? दारात बसून दार राखणं म्हंजे परत पायरीच की. बुधवारीबी कोन आलं न्हाय. अव्वा मेसमधनं अकराला येती, परत पाचला जाती, त्या मधल्या वेळात ती एकटी असती. ती काय करती एकटी, मी कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी बाराच्या सुमाराला लाईट गेली आणि डंक बंद पडला. एवढी मुसळं एकदम थांबल्यावर कानात जी शांतता हुती ती दुखती. मालकीण म्हटली जावा घरला, तीन तास येत न्हाय म्हणत्यात. मी कळंब्याला उतरून गल्लीत वळलो आणि पाय जागच्या जागी थांबलं. आमच्या दारासमोर फटफटी. एक काटकुळा माणूस, हेल्मेट काखंत, हातात फाईल. दार बंद. त्यानं किल्ली काढली आणि पत्र्यावर वाजवली, टक टक टक.

मला हाक मारता आली असती. वीस पावलं नव्हती मधी. ओ दादा, थांबा, मी हाय, आम्ही राहतोय, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. घशात मिरचीचा खकाणा हुता पण त्याच्यासाठी न्हाय थांबलो. मनात आलं, आज मी ओरडलो तर उद्या कोन ओरडणार? मी डंकावर, वर्षाराणी शाळंत, आत अव्वा. घर तिच्या नावावर हुणार हाय. बयाबाईनं कट्ट्यावरनं मला बघितलं आणि तोंड उघडलं, मी तिच्याशेजारी बसलो आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप, आजी." लसणाची साल तिच्या मांडीवरनं उडून माझ्या मांडीवर आली. टक टक टक, दुसऱ्यांदा. आत काय चाललंय ते मला दारातनं दिसल्यागत कळत हुतं. गॅस बंद. चटई. ताटं. मी मोजायला लागलो. वीस. तीस. आकारामनं खिडकीकडं मान केली, पेनाचं टोपण दातानं काढलं. चाळीस. त्यानं फाईल गुडघ्यावर धरली. पन्नास. त्याच्या निळ्या पेनाकडं बघत मी मनात म्हणत हुतो, लिही, लिही बाबा, आढळलं म्हणून लिही आणि मोकळं कर आम्हाला, निदान पाय तरी कुठंतरी टेकू दे.

"कोन हाय त्ये?"

आकाराम दोन पावलं मागं सरला. मीबी दचकलो. आवाज अव्वाचा, पण ह्या चार वर्सांतला न्हाय. शेताच्या ह्या बांधावरनं त्या बांधावर मारायची त्या हाकंचा. मी विसरलो हुतो की तिला असा आवाज हाय.

"मी... संस्थेतनं. आकाराम."

"कोन आकाराम?"

"सर्वेचा, मावशी."

"मग आधीच सांगायचं की तोंडानं! पोरीबाळीचं घर हाय, कोन म्हणून उघडायचं? थांबा. कडी निघंना झाल्या."

कडी. तिनं आतनं कडी लावलीती. आत खाडखाड झालं, कायतरी ठोकलं आणि दार उघडलं. बयाबाईच्या कट्ट्यावरनं आतलं थेट दिसत हुतं. भिंतीच्या ह्या टोकाला एक खिळा, त्या टोकाला दुसरा, मधी सुतळी, सुतळीवर वर्षाराणीचा झगा आणि अव्वाचा परकर, पाणी गळत. आणि एका खिळ्याला, जरा तिरका, फोटो. गॅस मधोमध, तव्यावर भाकरी, धूर आलता तिचा. अव्वा मागं वळून बघायला लागली की जळली काय. आकाराम उंबऱ्याच्या भाईर उभा राहून लाजत हुता, त्यानं आतलं बघायचं सोडून कागदाकडंच बघितलं.

"नाव?"

"सोनूबाई."

"राहणार?"

माझ्या पायानं आपोआप कट्ट्याला ढोसलं. अव्वानं हात जोडलं न्हाईत, हाताला पीठ हुतं. ती म्हटली, "राहणार की. किती वेळा विचारशीला?"

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कागदाकडं, आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं न्हाय. अव्वा म्हटली, "बसा, पाणी देतो," त्यो म्हटला नको नको, अजून चार घरं हाईत. फटफटी गेली. दार परत बंद झालं आणि आत खाडकन कडी बसली. जळक्या भाकरीचा वास गल्लीभर. बयाबाई म्हटली, "आता वाजाय लागलं घर." आणि परत लसूण घेतला.

मी उठलो. दारापाशी गेलो आणि नुसत्या बोटानं वाजवलं.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

च्यायला, माझा आवाज कळंना हिला. पोटच्या पोरीचा. राग आला, नेहमीसारखा पार टाळक्यापतोर आला, आणि तिथं जाऊन काय झालं कुणास ठाऊक. "स्नेहल," मी म्हटलं.

"थांब, आलो."

आत ती कडीशी झटत हुती. कडी गंजल्याली, बसताना बसली, निघताना निघंना. लाटण्यानं ठोकत असंल. मी दाराला कपाळ टेकलं, पत्रा उन्हानं तापला हुता. डोळं भरून आलतं, पण हाताला तिखट हुतं. तसंच उभं ऱ्हायलो.